त्यांचा अभ्यास, आपला हिशेब



कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल, कुणी धान्य निवडता निवडता. आज आपण पुण्यातली एक जुनी गोष्ट ऐकणार आहोत. कॉलेजं आणि विद्यापीठं कष्टकरी बायांच्या दारात कशी आली, आणि त्यातून कुणाच्या पदरात काय पडलं, त्याची ही गोष्ट. पण ती आम्हाला का शोधावी लागली, ते आधी सांगतो.

आमचं गाव पुण्याला लागून आहे. २०२१ साली २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यातलंच एक. कागदावर आम्ही शहरातल्या झालो, पण दारात म्हशी अजून आहेत आणि गटाची बैठक अजून देवळातच भरते. शहर जवळ असल्यामुळे कॉलेजची मुलंमुलीही आमच्याकडे लवकर पोहोचतात. तीन-चार वर्षांपूर्वी एका कॉलेजचा वर्ग प्रोजेक्टसाठी आला. मुलं वागायला चांगली होती. चहा घेतला, मावशी-काकू करत सगळ्यांशी बोलली, चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. कर्ज किती घेतलं, कशासाठी घेतलं, किती फेडलं? एकेकीला विचारत बसलो तर संध्याकाळ होईल, म्हणून आम्हीच कर्जाचं रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी मोबाइलवर पानांचे फोटो काढले. "अहवालाची प्रत आणून देतो" म्हणाली. परीक्षा झाली, मुलं गेली.

प्रत काही आली नाही. पण त्या अहवालातलं एक पान आलं, तेही भलत्याच वाटेनं. आमच्या गटातल्या एका मावशींनी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी गटातून वीस हजार रुपये घेतले होते. घरात सांगितलं नव्हतं. भाजी विकून त्या हप्ता भरत होत्या आणि एकही हप्ता चुकला नव्हता. अहवालाच्या तक्त्यात त्यांचं नाव, रक्कम आणि कारण जसंच्या तसं छापलं होतं. त्यांच्या पुतण्याचा मित्र त्याच वर्गात होता. तक्ता मोबाइलवरून भावकीत फिरला. पुढे त्या घरात काय झालं ते इथे सांगत नाही, तुम्हाला कळलं असेल. मावशी दोन महिने बैठकीला आल्या नाहीत.

चूक मुलांची होतीच. पण रजिस्टर आम्ही दिलं होतं, आणि देण्याआधी मावशींना विचारलं नव्हतं. तेच आम्हाला जास्त लागलं.

त्या महिन्याच्या बैठकीत ठराव झाला की कुठल्याही कॉलेजला दारात उभं करायचं नाही. इतिवृत्तात लिहून खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे झाले. आणि मागच्या वर्षी दुसऱ्या एका कॉलेजच्या सहा मुली आल्या. "मावशी, आमचा फील्ड प्रोजेक्ट आहे, तुमच्या गटासोबत करायचाय." निम्म्या बाया म्हणाल्या, ठराव म्हणजे ठराव. निम्म्या म्हणाल्या, आपल्याही पोरी उद्या अशाच कुणाच्या दारात जातील, त्यांना कुणी हाकललं तर? निर्णय होईना. तेव्हा ठरवलं की मागे वळून बघू. आपल्या पुण्यात हे आधी कसं झालं?

एका गावाचा अभ्यास

आज पिंपळे सौदागर म्हटलं की उंच इमारती आणि मोठमोठी दुकानं डोळ्यांपुढे येतात. शंभर वर्षांपूर्वी ते पवना नदीकाठचं साधं शेतकरी गाव होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी अध्यापक या गावात गेले. कुणाची जमीन किती, तुकडे किती, पीक काय, कर्ज किती, घरात खाणारी तोंडं किती, सगळं त्यांनी घरोघर जाऊन मोजलं. १९१७ साली त्याचं पुस्तक निघालं. नंतर शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचाही असाच अभ्यास झाला, तो १९२१ साली छापला गेला.

पिंपळे सौदागरचा एक आकडा आजही अर्थशास्त्राच्या पुस्तकात शिकवतात. १७७१ साली त्या गावात एकेका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. वाटण्या होत होत जमिनीचे एवढे तुकडे पडले की शेतीवर घर चालेना. तुम्ही-आम्ही हे रोज बघतो, सातबारावर नावं वाढतात आणि क्षेत्र घटत जातं. पण कॉलेजची माणसं बांधावर उतरली म्हणून ते पहिल्यांदा आकड्यात लिहिलं गेलं.

काम मोलाचं होतं. पण पुस्तक इंग्रजीत होतं. ज्यांची जमीन मोजली, त्यांना ते वाचता येणार नव्हतं. आपल्याला हा पहिला धडा मिळतो. अभ्यास खरा असू शकतो, चांगल्या मनानं केलेला असू शकतो, आणि तरीही ज्याचा अभ्यास झाला त्याच्या हातात काहीच पडत नाही.

हिंगण्याचं विद्यापीठ

त्याच काळात पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, हिंगण्याला, एक वेगळं काम उभं राहत होतं. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. विधवा मुलींसाठी त्यांनी १८९६ साली आश्रम सुरू केला आणि पुढे तो हिंगण्याला नेला. गावापासून दूर, माळावर, झोपडीत. वर्गणीसाठी ते दारोदार फिरले. जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि त्यांना वाटलं, असं आपल्याकडे का नको? १९१६ साली स्त्रियांचं विद्यापीठ सुरू झालं तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच. शिक्षण मातृभाषेतून. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि त्यांच्या आईच्या नावानं ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते विद्यापीठ झालं. मुख्य ठिकाण नंतर मुंबईला गेलं, पण पुण्यात कर्वे रस्त्यावर त्याचं आवार आजही आहे.

हे मुद्दाम सांगतो, कारण पुढची गोष्ट याच आवारातून निघते. ज्या विद्यापीठाची सुरुवातच समाजानं बाजूला सारलेल्या बायांपासून झाली, तिथली माणसं पंचाहत्तर वर्षांनी अशाच बायांकडे पुन्हा गेली.

मधल्या काळात सरकारनंही विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढायला सुरुवात केली होती. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी. आपण तिला एनएसएस म्हणतो. सात दिवसांचं शिबिर, गावात मुक्काम, श्रमदान, संध्याकाळी पथनाट्य. तुमच्या गावात असं शिबिर नक्की झालं असेल. पुण्यात १९६३ साली कर्वे समाजसेवा संस्था सुरू झाली होती. समाजकार्य शिकणाऱ्यांना संस्था-संघटनांत जाऊन क्षेत्रकार्य करावं लागतं. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला आणि विद्यापीठांमध्ये प्रौढ शिक्षणाचे विभाग कामाला लागले. असाच एक विभाग एसएनडीटीच्या पुण्याच्या आवारात होता.

वर्ग रस्त्यावर आला

१९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या थोरल्या बायांना आठवत असेल. खडी फोडायची कामं, सुकडी, मिलो. त्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि इतर कोरडवाहू भागातून कितीतरी घरं गाव सोडून पुण्याला आली. शिक्षण नाही, जमीन नाही, बहुतेक दलित समाजातली. पुरुषांना मिळेल ती मजुरी आणि बायांना काय? कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचायचा आणि भंगारच्या दुकानात विकायचा. पहाटे निघायचं, कुंडीत हात घालायचा, कुत्री अंगावर यायची, काच हातात घुसायची. लोक चोर समजायचे, पोलीस हटकायचे. या कुणी परक्या बाया नव्हत्या, तुमच्या-आमच्या गावातल्याच होत्या.

१९९० च्या सुमारास एसएनडीटीच्या प्रौढ शिक्षण विभागानं कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी साक्षरता वर्ग सुरू केला. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या दोघी त्या कामात होत्या. पाटी-पेन्सिल घेऊन शिकवायचं, एवढाच कार्यक्रम कागदावर होता. पण मुलांनीच शिकवणाऱ्यांना सांगितलं, तुम्ही आमच्यासोबत कामावर चला. आणि शिकवणाऱ्या गेल्या.

तिथे त्यांना जे दिसलं ते पुस्तकात नव्हतं. एकाच कुंडीत भाजीचे देठ, शिळं अन्न आणि कागद एकत्र पडलेला. भिजलेल्या, घाणीनं माखलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही. कोरडा, स्वच्छ कागद मिळाला तर त्याच वजनाला जास्त पैसे मिळतात. म्हणजे बाईचे कष्ट तेवढेच, पण माल घरातूनच वेगळा मिळाला तर कमाई वाढते, आणि कुंडीत हातही घालावा लागत नाही. आज ओला कचरा, सुका कचरा हे शाळेतलं पोरही म्हणतं. तेव्हा ते रोजीरोटीचं गणित होतं आणि ते वेचणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं. विद्यापीठाच्या बायांनी ते त्यांच्याकडून शिकून घेतलं.

मग विद्यापीठानं आपल्याकडचं जे होतं ते दिलं. सुमारे तीस बायांना विद्यापीठाच्या नावानं ओळखपत्रं मिळाली. त्या ओळखपत्रावर त्या सोसायट्यांच्या दारात गेल्या आणि सुका माल वेगळा द्या म्हणाल्या. ज्या दारातून रखवालदार हाकलत होता, त्याच दारातून आत जाता आलं. कमाई वाढली, अंगावरचा मळ कमी झाला.

थोड्याच दिवसांत एका उद्योजकानं मोटारगाडी लावून त्याच भागातला कचरा दारोदार गोळा करायला सुरुवात केली. बायांच्या हातातलं गेलं. तेव्हा बाया, मुलं आणि शिकवणाऱ्या, सगळ्या त्या गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पण त्यातून सगळ्यांना एक गोष्ट उमगली. तीस ओळखपत्रांनी काही होत नाही. अशा हजारो बाया शहरात आहेत, त्या एक झाल्या तरच टिकतील.

पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमालांची संघटना, हमाल पंचायत, कितीतरी आधी उभी केली होती. त्यांचा आधार मिळाला. कचरा वेचणाऱ्या आईचे चिरंजीव मोहन ननवरे पुढे आले. मे १९९३ मध्ये पुण्यात मेळावा झाला, ८०० हून जास्त कचरावेचक आले. तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत जन्माला आली. भिकारी नाही, चोर नाही, आम्ही कामगार आहोत, असं त्या बायांनी एकत्र उभं राहून सांगितलं.

विचार करा, साक्षरता वर्गाचं रजिस्टर भरून, किती शिकले किती गळाले एवढा आकडा वर पाठवून हे काम संपवता आलं असतं. अहवाल चांगलाच झाला असता. मुलांचं ऐकून शिकवणाऱ्या त्यांच्यामागे पहाटे बाहेर पडल्या, म्हणून गोष्ट पुढे गेली.

२४६ रुपये

संघटना झाली. १९९५-९६ च्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी तिच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. रस्त्यावर अडवणाऱ्याला आता कार्ड दाखवता येत होतं. बायांची पतसंस्था झाली. तिथली बचत आणि कर्ज म्हणजे आपल्या गटाच्या कामाची थोरली बहीणच.

पण एक प्रश्न होता. महापालिकेनं आपल्यासाठी काही करावं असं म्हणायचं, तर कशाच्या जोरावर? दया म्हणून मागायचं?

इथे विद्यापीठ दुसऱ्यांदा कामाला आलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीनं पुण्यातल्या भंगार वेचणाऱ्या, विकणाऱ्या आणि पुन्हा वापरात आणणाऱ्या लोकांचा मोठा अभ्यास झाला. तो २००१ साली पुरा झाला. त्यात हिशेब मांडला गेला. या बाया शहरातून रोज सुमारे १४४ टन माल वेचतात. तो त्यांनी वेचला नसता तर महापालिकेला तो ट्रकमध्ये भरावा लागला असता, डिझेल लागलं असतं, माणसं लागली असती, आणि शेवटी तो शहराबाहेर कुठल्या तरी गावाच्या उशाशी टाकावा लागला असता. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांना विचारा, शहराचा कचरा दारात येणं म्हणजे काय असतं. हा वाचलेला खर्च माणशी वाटला तर एकेक कचरावेचक महिन्याला २४६ रुपयांचं काम शहरासाठी फुकट करत होती.

मैत्रिणींनो, हा आकडा नीट ऐका. त्याआधी बाई म्हणत होती, "आम्ही फार कष्ट करतो हो." ते ऐकून लोक च्‌च्‌ करतात आणि निघून जातात. आता ती म्हणू लागली, "दर महिन्याला माझे २४६ रुपये तुमच्याकडे निघतात." महापालिका देणेकरी झाली. या हिशेबाच्या बळावर संघटनेनं मागणी लावून धरली, आणि २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेनं नोंदणी झालेल्या कचरावेचकांचा आरोग्य विमा सुरू केला, त्याचा हप्ता महापालिकेनं भरायचा. असं करणारी ती देशातली पहिली महापालिका.

पुढचं थोडक्यात सांगतो. २००० साली कचऱ्याबद्दल केंद्राचे नियम आले, घरोघर जाऊन वेगळा कचरा गोळा करणं शहरांना बंधनकारक झालं. हे काम कंपन्यांना द्यायचं की ज्या बाया आधीपासून करतात त्यांना? संघटनेनं बायांचीच सहकारी संस्था उभी केली. तिचं नाव स्वच्छ. २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. घरटी ठरलेलं शुल्क, शिवाय सुक्या मालाची विक्री बाईची. आज तिथे तीन हजारांहून जास्त माणसं काम करतात, बहुतेक बाया. कराराचं नूतनीकरण दर वेळी सहजासहजी झालेलं नाही, त्यासाठी बायांना रस्त्यावरही यावं लागलं आहे. पण २०१६ च्या नव्या नियमांत कचरावेचकांना सामावून घ्या असं लिहिलं गेलं, तेव्हा पुण्याचं उदाहरण देशापुढे होतं.

आता पिंपळे सौदागर आणि हे शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे शिकलेली माणसं आली, दोन्हीकडे त्यांनी मोजलं. एका गावाचा आकडा पुस्तकात राहिला. दुसरा आकडा बायांच्या तोंडी आला आणि त्यांनी तो महापालिकेच्या दारात नेऊन वाजवला. मोजणाऱ्यांची हुशारी दोन्हीकडे होती. फरक पडला तो बाया संघटित होत्या म्हणून, आणि काय मोजायचं हे ठरवताना त्या आत होत्या म्हणून.

आता अभ्यासक्रमच गावात येतो

हे सगळं आजच का सांगतोय? कारण आता कॉलेजची मुलं गावात येणं वाढणार आहे. शेतकी कॉलेजच्या मुली तर तुम्हाला ओळखीच्या असतील. शेवटच्या वर्षाला त्यांना गावात राहून काम करावं लागतं. आपण त्यांना कृषिकन्या म्हणतो, मुलांना कृषिदूत. देवळापुढे रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, मातीचा नमुना कसा घ्यायचा ते सांगतात. २०१४ पासून उन्नत भारत अभियानात कॉलेजं गावं दत्तक घेतात. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्यांनाही लोकांमध्ये जाऊन प्रोजेक्ट करावा लागतो, त्याचे क्रेडिट मिळतात. म्हणजे त्यांच्या गुणपत्रिकेत आपला वाटा असतो. मग आपल्या हिशेबात त्यांचा वाटा किती, हे विचारायला लाजायचं कशाला?

आम्ही ही गोष्ट बैठकीत सांगितली. २४६ रुपयांचा आकडा ऐकून एक आजी म्हणाल्या, "आपलंबी कुणी मोजलंय का आजवर?" त्या एका वाक्यावर जुना ठराव बदलला. नवा ठराव असा झाला.

पहिलं, विषय गट सांगेल. मुलींच्या सरांनी किंवा मॅडमनी एकदा तरी स्वतः बैठकीला यायचं आणि विषय दोघांनी मिळून ठरवायचा.

दुसरं, रजिस्टर गटाच्या पेटीतून बाहेर जाणार नाही. जिची माहिती, तिला विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तर तिथेच थांबायचं. नावाऐवजी नंबर लिहायचा. फोटोलाही हाच नियम.

तिसरं, सुगीत आणि सणावारात यायचं नाही. आमचा रोज बुडवून फॉर्म भरणार नाही.

चौथं, कॉलेजात जमा करायच्या आधी अहवाल मराठीत, गटाच्या बैठकीत वाचून दाखवायचा. चुकलं असेल तर आम्ही सांगू. एक प्रत गटाच्या दफ्तरात राहील.

हे सगळं एका कागदावर लिहिलं, खाली मॅडमची सही, गटाच्या अध्यक्षा आणि सचिवांची सही. मुली जरा बिचकल्या. मॅडम मात्र म्हणाल्या, हे आम्हीच तुम्हाला द्यायला हवं होतं.

आम्ही विषय दिला पापडाचा. आमचा गट उडदाचे पापड करतो, माल खपतो, तरी वर्षाखेरीस हातात काही राहत नाही. का, ते शोधा. मुली चार दिवस आमच्यासोबत बसल्या. घड्याळ लावून लिहीत होत्या. पीठ भिजवायला किती वेळ, कुटायला किती, लाट्या, लाटणं, वाळवणं, उन्हात राखण बसणं, पुड्या भरणं. दोघींनी लाटूनही बघितलं. पहिल्या दिवशी त्यांचे पापड भारताच्या नकाशासारखे झाले, सगळ्या हसलो.

मग हिशेब वाचून दाखवला. आमच्या वहीत उडदाचं पीठ होतं, पापडखार होता, तेल, पिशव्या, रिक्षाभाडं, सगळं होतं. आमची मजुरी कुठेच नव्हती. ती धरली तर एका बाईला दिवसाला जे पडत होतं, ते खुरपणीच्या रोजाच्या निम्मंसुद्धा नव्हतं. देऊळभर शांतता झाली. इतकी वर्षं आम्ही म्हणत होतो, धंदा परवडतो. तो परवडत होता, कारण आमचे हात फुकट होते. त्या कचरावेचक बायांचं शहराकडे येणं निघत होतं. आमचं आमच्याच वहीकडे निघालं.

लगेच सगळं सुधारलं असं नाही. किलोमागे भाव वाढवला तेव्हा दोन दुकानदारांनी माल बंद केला, एकानं मान्य केला. पण आता वहीत मजुरीचा रकाना आहे. भाव ठरवताना आम्ही त्या रकान्यावर बोट ठेवतो. आणि मुलींना काय मिळालं? त्यांना त्यांचे क्रेडिट मिळाले. शिवाय त्यातली एक म्हणाली, "आमच्या घरी आई शिवणकाम करते, तिचा वेळ मी कधी मोजलाच नव्हता." अभ्यास असा दोन्ही घरी पोहोचावा.

तुमच्या गटात कॉलेजची मुलं आली तर त्यांना हाकलू नका आणि सगळं उघडून पुढेही ठेवू नका. बसवा, पाणी द्या, आणि विचारा: तुम्ही काय मोजणार? ते कुणी ठरवलं? आमचं नाव कुठे जाणार? आणि कागद परत आमच्याकडे कधी येणार? चार प्रश्न, चारच. उत्तरं मिळाली तर कामाला लागा.

त्या मावशींचं राहिलं. अहवाल वाचायच्या दिवशी त्या आल्या होत्या, मागे खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माहिती द्यायला नकार दिला होता आणि मुलींनी तिथेच वही मिटली होती. वाचन संपल्यावर मावशी उठल्या, मुलींकडून तो अहवाल मागून घेतला आणि पान पान उलटून बघितला. आपलं नाव कुठे नाही याची खात्री केली. मग स्वतःच्या हातानं तो गटाच्या पेटीत ठेवला आणि कुलूप लावलं. पुढच्या बैठकीपासून पेटीची किल्ली त्यांच्याकडे आहे.

येतो मैत्रिणींनो. नमस्कार.